झेनोल्लाचा खडू

त्या हिवाळ्यात कुल्याशनं जावयाच्या वाटणीचं मांस बाल्कनीत टांगून ठेवलं होतं. थंडीच्या तोंडाशी जनावर कापलं की पहिलं जेवण जवळच्यांना घालायचं आणि त्यात छातीचा तुकडा जावयापुढे ठेवायचा. तो दुसऱ्या कुणाला वाढत नाहीत. पण जावईच आला नाही तर त्या तुकड्याचं करायचं काय? कुल्याशनं तो फडक्यात गुंडाळला आणि बाहेर खिळ्याला अडकवला. माझी बाल्कनी तिच्या बाल्कनीला लागूनच आहे. सकाळी पडदा सारला की मला ते गाठोडं दिसायचं. त्यावर बर्फ साठलेला असायचा.

सांगायचं आहे ते तिच्या नवऱ्याबद्दल, झेनोल्लाबद्दल. आदरानं सगळे त्याला झेके म्हणत. कारागांदाच्या आमच्या कोळशाच्या खाणीत तो वायू मोजायचा. गळ्यात यंत्र अडकवून एका बोगद्यातून दुसऱ्यात चालत राहायचं, यंत्र छताशी धरायचं, कारण वायू वर साठतो, आणि मग तिथं ठोकलेल्या फळीवर खडूनं लिहायचं: वायू किती, वेळ काय, आणि खाली सही. त्याचा आकडा पडल्याशिवाय कुणी कापणीच्या यंत्राला हात लावायचा नाही. आकडा मर्यादेबाहेर गेला तर तो ‘बंद’ लिहायचा, आणि मग सगळ्यांनी बाहेर यायचं.

खडू त्याच्या प्रत्येक खिशात असायचा, अगदी लग्नाच्या कोटाच्यासुद्धा. “कपडे भिजवले की पाण्याचं दूध होतं,” असं कुल्याश म्हणायची.

त्याची पन्नाशी उलटली होती. गुडघे गेले होते. संध्याकाळी जिन्यात तो प्रत्येक मजल्यावर थांबायचा आणि दार उघडं दिसलं तर माझ्याकडे टेकायचा.

“श्तेफा आपा, सुतारानं काम केलं तर टेबल दिसतं,” एकदा तो म्हणाला. “मी केलं तर काय दिसतं? संध्याकाळी माणसं घरी जातात. ती तर जाणारच होती, असं सगळ्यांना वाटतं.”

माझे यजमान एका पाळीवरून घरी आले नव्हते. त्यामुळे मला त्यानं हे समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत खाणीच्या पूर्वेला नवा भाग उघडायचं काम निघालं. यातला नियम जुना आहे. आधी दोन बोगदे शेजारी शेजारी खणायचे आणि टोकाला एकमेकांना मिळवायचे. मग एकातून हवा आत जाते, दुसऱ्यातून बाहेर येते, आणि माणसाला पळायला दोन वाटा राहतात. त्यानंतरच तिथल्या कोळशाला हात लावायचा. जोवर ते मिळत नाहीत तोवर प्रत्येक बोगदा म्हणजे एका बाजूनं शिवलेली पिशवी. पंखा कापडी नळीतून ढकलेल तेवढीच हवा.

खाणीच्या नव्या मालकांना घाई होती. शहरातली घरं गारठली होती. कोळशाच्या गावात राहून आम्ही स्वयंपाकघरात कोट घालून बसत होतो. खणणाऱ्यांना मीटरवर बक्षीस लावलं होतं. एका बोगद्यातल्या टोळीचा नायक होता एरसायिन, झेनोल्लाचा जावई. उमदा, हसरा, जरासा उतावळा.

बोगद्याच्या टोकाशी एक डबी टांगलेली असते. वायू वाढला की ती आपोआप वीज तोडते आणि कापणीचं यंत्र थांबतं. मग वायू ओसरेपर्यंत हातावर हात धरून बसायचं. एरसायिनची टोळी तिच्यावर ओलं जाकीट टाकायची. डबीला काही कळत नसे आणि यंत्र चालू राही. हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा झेनोल्लानं जाकीट काढून बाजूला टांगलं. दुसऱ्यांदा त्यानं जावयाला घरी बोलावलं. मी तिथं चहाला होते.

“त्या डबीला थंडी वाजते का रे?” झेनोल्लानं विचारलं.

“अता,” एरसायिन सासऱ्याला म्हणाला, “ती म्हातारी झालीय. कुणी शिंकलं तरी वीज तोडते.”

“म्हातारा मीही झालोय. मलाही झाकून टाक.”

“रागावू नका. बोगदे लवकर मिळावेत म्हणूनच तर हे चाललंय. एकदा मिळाले की हवाच हवा. तुमचाच नियम पुरा करतोय मी.”

“नियम पुरा करायला नियम मोडतोस?”

“सगळेच मोडतात. काही झालंय का आजवर?”

झेनोल्लानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. एरसायिनच्या तेव्हा लक्षात आलं. त्याचे कान लाल झाले.

“आपा, माफ करा. मला तसं...”

“चहा निवतोय तुझा,” मी म्हणाले.

तिसऱ्यांदा, टोळीनं आदल्या पाळीत डबीवर तसंच सोडलेलं जाकीट घेऊनच झेनोल्ला वर आला.

त्या दिवशी मी दिव्यांच्या खोलीत बदलीवर होते. खाली जाणाऱ्याचा बिल्ला खिडकीतून घ्यायचा आणि त्याला डोक्यावरचा दिवा द्यायचा, हे काम मी आयुष्यभर केलं. निवृत्त झाल्यावरही कुणी आजारी पडलं की मला बोलावत. शेजारच्या खिडकीवर बाल्झान होती. झेनोल्लाची मुलगी, एरसायिनची बायको. तिला हे काम मीच शिकवलं.

नवी पाळी रांगेत उभी होती. झेनोल्ला वर आला. चेहरा काळा, ओठ पांढरे. त्यानं बाल्झानच्या खिडकीत ते ओलं जाकीट ठेवलं.

“तुझ्या घरचं आहे,” एवढंच म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

बाल्झाननं जाकीट उलटं केलं. पाठीवर पांढऱ्या रंगात नवऱ्याचा क्रमांक होता. ते कुठून आलं हे तिला विचारावं लागलं नाही. तेवढ्यात एरसायिननं खिडकीतून बिल्ला सरकवला.

“दिवा दे गं.”

“नाही.”

“काय नाही?”

“पिऊन आलेल्याला दिवा द्यायचा नाही, असा नियम आहे.”

“मी? थेंबही घेतला नाही! वास घेऊन बघ.”

“थेंबही न घेता तुझं हे असं आहे. घेतल्यावर काय करशील?”

रांगेत हशा पिकला. “एरसायिन, घरी पांघरूण मिळत नव्हतं, आता दिवाही गेला!” एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, “वहिनी, आम्हाला तरी द्या, आमच्या बायका प्रेमळ आहेत!” पण नायक खाली गेल्याशिवाय टोळी जात नाही. एरसायिन खिडकीला धरून उभा राहिला. त्याचं हसू हळूहळू गेलं.

“बाल्झान, सगळ्यांसमोर तमाशा करू नकोस.”

“सगळ्यांसमोरच करते. खाली काही झालं तर तेही सगळ्यांसमोरच आणतील तुला.”

गलका ऐकून पाळीचे साहेब आले. आता एक शब्द पुरला असता. जाकिटावर क्रमांक होता. साहेबांना ते दिसलं असतं तर एरसायिन त्याच दिवशी घरी बसला असता, आणि त्या वर्षी एका खाणीतून काढलेल्याला दुसरी खाण घेत नव्हती.

झेनोल्ला भिंतीला धरून उठला. खिडकीतलं जाकीट घेतलं आणि अंगातल्या जाकिटावर चढवलं, पाठ भिंतीकडे ठेवून.

“त्यांना दिवे देऊन उपयोग नाही, साहेब. पूर्वेचा बोगदा मी बंद करून आलोय. वायू मर्यादेच्या वर आहे. फळीवर लिहिलंय. दुसरा पंखा लावल्याशिवाय मी आकडा बदलणार नाही.”

“दुसरा पंखा? झेके, मालकांना मी काय सांगू?”

“माझं नाव सांगा. सही आहेच.”

साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “अन् दोन दोन जाकिटं?”

“थंडी आहे, साहेब.”

साहेबही खाणीतच म्हातारे झाले होते. “थंडी तर आहेच,” ते म्हणाले आणि निघून गेले.

दुसरा पंखा यायला कित्येक दिवस गेले. टोळीचं बक्षीस बुडालं. शिव्या बाल्झानला बसल्या नाहीत, सगळ्या झेनोल्लाला बसल्या. खाणीच्या बसमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसेना. एका सकाळी त्याच्या दारावर खडूनं लिहिलेलं दिसलं: ‘वायू जास्त. प्रवेश बंद.’ कुल्याश फडकं घेऊन धावली. झेनोल्लानं चष्मा लावून ते वाचलं.

“सही नाही केली,” तो म्हणाला. “मी असतो तर केली असती.”

एरसायिनची नोकरी राहिली, पण तो सासरी येईनासा झाला. हिवाळ्याच्या जेवणाला बाल्झान एकटीच आली. आईनं विचारलं तेव्हा म्हणाली, “जातो, काम करतो, झोपतो. बोलत नाही.” छातीचा तुकडा बाल्कनीत गेला. ते जाकीट वाळवून झेनोल्लानं दाराजवळच्या खुंटीला लावलं. तिथंच ते राहिलं.

त्यानंतर सांगण्यासारखं काही घडलं नाही. झेनोल्ला रोज गेला, रोज आला. पूर्वेच्या बोगद्यात डबी उघडीच असायची. पोरं त्याच्याशी बोलत नसत, पण तो दिसला की बाजूला होऊन फळीकडे जायला वाट देत. मला वाटायचं, यानं आता बस म्हणावं. एकदा मी तसं बोलले. “सोडतो की, आपा,” तो म्हणाला. “ते दोन्ही बोगदे एकदा मिळू देत.”

नौरीझच्या, म्हणजे वसंतातल्या आमच्या नव्या वर्षाच्या सणाच्या आधी, बर्फ काळा पडायला लागला तेव्हा, ते मिळाले. मधला शेवटचा दगड पडला तेव्हा झेनोल्ला तिथं होता. आकडा लिहीत असताना खडूची भुकटी फळीवरून आपोआप उडून गेली, असं त्यानं मला सांगितलं. त्यावरून त्याला हवा आल्याचं कळलं. एरसायिन शेजारीच उभा होता. त्यानंही ते पाहिलं.

नौरीझला एरसायिन आला. दारात बूट काढताना त्याला खुंटीवरचं जाकीट दिसलं. तो थबकला. कुल्याशनं सकाळपासून तो तुकडा पाण्यात टाकला होता, मग तासन्‌तास उकळला होता. तिनं तो त्याच्यापुढे ठेवला. आम्ही सगळे त्याच्या हाताकडे पाहत होतो. त्यानं एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिला.

“चिवट झालाय,” तो म्हणाला.

“कुणामुळे?” बाल्झान म्हणाली.

त्यानं तो संपवला मात्र सगळा. मग मान वर न करता म्हणाला, “अता, ती डबी... म्हातारी नव्हती.”

झेनोल्ला बसल्या जागी उशीला टेकून झोपला होता. हातात अर्धा पेला चहा तसाच. कुल्याशनं पेला काढून घेतला तरी तो हलला नाही. खोली गार होती. एरसायिन उठला, खुंटीवरचं आपलं जाकीट आणलं आणि सासऱ्यावर पांघरलं, पार हनुवटीपर्यंत.

“नाक उघडं ठेव हो,” कुल्याश म्हणाली. “नाहीतर उठून तुलाच बंद करेल.”

एरसायिननं जाकीट जरा खाली ओढलं. झेनोल्लाची दुसऱ्या दिवशी पहाटेची पाळी होती. आम्ही आवाज न करता भांडी आवरली.