भिंतीवरचे शब्द आणि मांड्यांचं खापर

धुळ्याहून निघालो तेव्हा माझ्या मांडीवर खापर होतं. गोधडीत गुंडाळलेलं, पुरणाचे मांडे भाजायचं मातीचं खापर. भांडी, पेटी, सगळं एस.टी.च्या टपावर चढलं, पण खापर काही मी कंडक्टरच्या हाती दिलं नाही. आमचे हे खिडकीशी बसले होते. धुळ्याची सूतगिरणी बंद पडल्यापासून त्यांचं बोलणंही बंद पडलं होतं. आमची रेखा, दहावीतली, मधे बसलेली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. शेवटी तीच म्हणाली, "आई, जळगावला कॉलेजं खूप आहेत म्हणे." मी खापर घट्ट धरलं.

ज्या बाया गावी राहिल्या त्यांना, आणि माझ्यासारख्या गाव सोडून गेल्या त्यांनाही, एक गोष्ट सांगायची राहिलीय. आजवर कुणाला सांगितली नाही.

निघण्याआधी शिंदखेड्याजवळच्या आमच्या घरी थोरले दीर, म्हणजे आमचे नाना, माझ्या नवऱ्याला म्हणाले होते, "पोर मोठी व्हयनी. आते किती शिकाडशी, भाऊ? सोनगीरनं स्थळ शे." मीच दाराआडून म्हटलं, "नाना, जळगावात मला काम मिळालं तर शिकू द्या तिला." नानांनी पानाला चुना लावता लावता सांगितलं, "दहावी होस तोपर्यंत थांबसू." झालं. तेवढीच मुदत होती आमच्या हातात.

जळगावात एक खोली घेतली. हे रोज कामाच्या शोधात जायचे आणि दुपारपर्यंत परत यायचे. मग भिंतीकडे तोंड करून निजायचे. गिरणीत यांच्या हातानं सूत धावायचं, इथं त्या हातांना कुणी विचारेना. मी घरोघरी विचारत फिरले, तेव्हा कळलं की मुलींच्या एका वसतिगृहाला स्वयंपाकघर सांभाळायला बाई पाहिजे. पण फॉर्म इंग्रजी, सामानाच्या याद्या इंग्रजी, आणि मुलाखत घेणाऱ्या बाई अर्धं इंग्रजीच बोलतात असं ऐकलं. मी चौथी शिकलेली.

रेखा म्हणाली, "मी शिकवते तुला."

स्टोव्हमागच्या भिंतीवर तिनं खडूनं शब्द लिहिले, मराठी अक्षरांत. अप्लाय. क्वालिफिकेशन. ट्रेनिंग. स्किल. करिअर. एक्सपीरियन्स. भाकरी थापता थापता मी एकेक म्हणायची. चुकलं की ती ताटलीवर चमचा वाजवायची. "आई, करिअर म्हणजे काय?" "पोटापाण्याची वाट." "आणि एक्सपीरियन्स?" "केलेल्या कामाचा अनुभव." "पास!" एकदा मी विचारलं, "अडतिसाव्या वर्षी कुणाला नवी वाट फुटती का गं?" तर म्हणते, "फुटेल की. तू आधी स्किलचा उच्चार नीट कर." भिंतीकडे वळलेल्या यांच्या पाठीतून त्या दिवशी थोडं हसू आलं. गिरणी बंद पडल्यावर पहिल्यांदा.

मुलाखतीला रेखा बरोबर आली. शाळेच्या ड्रेसातच, बाहेर निंबाखाली उभी राहिली. आत चष्म्याच्या बाई होत्या. स्वभावानं बऱ्या होत्या, पाणीसुद्धा दिलं मला. विचारलं, "तुमचा एक्सपीरियन्स काय?"

मला शब्द कळला हो. अर्थ जिभेवर होता. वीस वर्षं पंचक्रोशीत कुठंही लगीन असो, मांडे माझ्याच हातचे. पाचशे पान उठवलंय मी एकेका मांडवात. कणीक तिंबायला कोण, खापरावर कोण, पुरण कुणाकडे, सगळ्या बाया माझ्या इशाऱ्यावर. पण मांडे करणाऱ्या बाईनं आपल्या मांड्याचं कौतुक करायचं नसतं आमच्यात. माझी आई खापरापाशी बसून सांगायची, "आपला गुन आपन सांगो नही, पोरी. लोकेस्ले सांगू दे." तेच कानात वाजलं. मान आपोआप खाली गेली.

"तसं काही नाही, बाई. घरचंच करते."

त्यांनी परत विचारलं, "मोठ्या प्रमाणावर कधी केलंय?"

मी पदर सारखा केला. "थोडंफार येतं."

वाटलं, आता त्याच ओळखतील. लोक सांगतील. पण त्या खोलीत माझे लोक नव्हतेच कुणी. त्यांनी कागदावर रेघ मारली आणि पुढच्या बाईला हाक दिली.

निंबाखाली रेखानं विचारलं, "काय विचारलं?"

"एक्सपीरियन्स."

"मग? तू काय सांगितलं?"

"घरचंच करते म्हटलं."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुढं चालू लागली. घरी आल्यावर भिंतीवरचा एक शब्दही तिनं पुसला नाही. पुन्हा विचारलाही नाही.

दुसरं काम मिळण्याआधीच मुदत सरली. वैशाखात तिचं लगीन झालं. मांडे मीच केले. लोक म्हणाले, असे मांडे कुठं खाल्ले नाहीत. निकाल लागला तेव्हा ती सोनगीरला सासरी होती. मार्कशीट आणायला शाळेत मी गेले. पहिला वर्ग होता.

पुढं काही वर्षांनी मला एका प्रशिक्षण केंद्राच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. तिथं मात्र मी ताठ बसून सगळं सांगितलं, गावांच्या नावांसकट. आज तिथली शिकलेली पोरं कौतुकानं म्हणतात, "मावशी, याला करिअर चेंज म्हणतात. तुम्ही तर या वयातही शिकताय." मी त्यांच्या ताटात आणखी वाढते. जिच्यासाठी शिकायचं होतं ती तिकडं सोनगीरला गोठा झाडते.

आखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, येते माहेरी. मागच्या आखाजीला स्टोव्हपाशी बसली होती. दर दिवाळीला चुना देताना तेवढी भिंत मी सोडते, म्हणून शब्द अजून आहेत, पुसट. तिकडं बघत म्हणाली, "आई, मला कुणी एक्सपीरियन्स विचारला तर मी काय सांगू?" मी तिचे गुण सांगायला लागले. एकेक, सगळे. तिनं ऐकून घेतले. मग म्हणाली, "पण मला विचारणार कोण?"

लोक मला विचारतात, तुमचं घर कुठलं? शिंदखेड्याकडचं म्हणू, धुळ्याचं म्हणू का जळगावचं? खरं सांगू का, त्या वसतिगृहाच्या दारापासून निंबापर्यंत वीसेक पावलं होती. तेवढंच आता माझं घर. मी रोज मनानं त्या दारातून बाहेर पडते. निंबाखाली ती उभी असते, शाळेच्या ड्रेसात. आणि मी आत सगळं सांगून आलेली असते.