मशीनवर एक, स्विचजवळ एक

त्या रविवारी सकाळपासून मळभ होतं. वारा पडलेला, कलमाचं पान हलेना. नुसतं बसलं तरी घामाच्या धारा. अशा हवेत भट्टीजवळ कोण येतंय, असं मनात म्हणतो तोवर तिघंही हजर!

कानशीचा कीस रोज झाडला तरी कोपऱ्यात साठतोच. आमच्या शेडमधल्या गोष्टींचंही तसंच झालंय. चार झाडून काढाव्यात, तर सहा सापडतात.

मी जन्मभर कोयत्या आणि विळ्या केल्या. शाळेत गेलो नाही, अक्षरं म्हातारपणी नातीने शिकवली. आता रविवारी ही हौशी मंडळी सुऱ्या करायला येतात. हमीदभाई राजिवड्याचे, दुबईत वेल्डिंग करून परतलेले. केळकर बँकेतून रिटायर झालेले. आणि पूर्वा, दातांची डॉक्टर.

माझा डावा डोळा वीस वर्षांमागे गेला. घणाखालून लोखंडाचा कपचा उडाला. तेव्हा रिक्षात घालून दवाखान्यात नेलं ते शेजारच्या सुनंदावहिनींनी. अजून ऐकवतात, "एकच राहिलाय हां, आबा!" आणि आमचं घासायचं मशीन सुरू झालं की त्याच वहिनी दगडी गडग्यापलीकडून ओरडतात, "बंद करा ती पीडा! कान किटले!"

*

शेडच्या दारात एक मोठा खिळा आहे. आत येताना घड्याळ, साखळी, अंगठी तिथे अडकवायची. फिरत्या चाकाला अंगावरचं काही लोंबतं दिसता कामा नये. पूर्वाची ओढणी, केळकरांचं जानवंसुद्धा तिथेच!

पहिल्या दिवशी केळकरांची अंगठी निघेना. साबण लावला, खोबरेल लावलं. अर्ध्या तासाने निघाली. घरी गेल्यावर केळकरकाकूंनी बोट बघितलं.

"चाळीस वर्षांत एकदाही काढली नाहीत! सुरी करायला गेला होतात की लग्न मोडायला?"

*

पुढच्या रविवारी केळकर चामड्याचे नवेकोरे हातमोजे घालून आले आणि थेट पॉलिशच्या चाकापाशी उभे राहिले. हमीदभाईंनी हळूच मोजे काढून घेतले.

"साहेब, मोजे भट्टीजवळ. चाकाजवळ उघडे हात."

"पण सेफ्टी?"

"चाक मोजा ओढतं ना, तेव्हा आत कोणाचा हात आहे ते विचारत नाही!"

*

पातं तापून किती लाल झालं म्हणजे तेलात बुडवायचं, हे मी रंगावरून ओळखतो. पूर्वाने जुन्या स्पीकरचं लोहचुंबक तारेला बांधून आणलं. म्हणाली, पोलाद पुरेसं तापलं की चुंबकाला चिकटत नाही.

पातं भट्टीत ठेवलं. ती दर थोड्या वेळाने चुंबक लावून बघत होती, मी नुसता रंग बघत होतो. मग म्हटलं, "आता."

तिने चुंबक लावलं. चिकटलं नाही.

पोरीने चुंबकाकडे बघितलं आणि म्हणाली, "चला, हे पास झालं!"

*

एकदा पातं बुडवताना तेलाच्या डब्याने पेट घेतला. केळकर पाण्याची बादली घेऊन धावले. हमीदभाईंनी एका हाताने त्यांना अडवलं, दुसऱ्या हाताने डब्यावर पत्र्याचं झाकण ठेवलं. आग विझली.

"साहेब, घरी फोडणी पेटली तर वहिनी पाणी ओततात काय?"

"मला काय माहीत? मी कधी स्वयंपाकघरात जात नाही!"

त्या आठवड्यापासून केळकरांना घरी फोडणी घालावी लागते. काकूंनी ऐकलं ना!

*

हमीदभाईंचा दुबईचा एक नियम आहे. मशीनवर एक, स्विचजवळ एक. मशीनवरच्या माणसाला मागून हाक मारायची नाही, खांद्याला हात लावायचा नाही. दचकला की बोट गेलं. काही चुकलं तर स्विचवाल्याने प्लग काढायचा.

त्या मळभाच्या रविवारी माझ्या गॉगलच्या काचा घामाने सारख्या धुरकट होत होत्या. पुसायला काढला, खिळ्याला अडकवला, आणि म्हटलं, पात्याच्या टोकाचा एवढासा कोपरा राहिलाय, घासून टाकू. बसलो मशीनवर.

जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं, आणि मीच!

कोणी ओरडलं नाही. मशीन एकदम गप्प झालं, एवढंच. वळून बघतो तर हमीदभाईंच्या हातात प्लग. केळकर पांढरेफटक. पूर्वा माझ्या त्या एका डोळ्याकडे बघत होती.

कोणी काही बोलायच्या आत सुनंदावहिनी गडगा ओलांडून धावत आल्या. हातात विळी तशीच, हातांना खवले चिकटलेले, धाप लागलेली. माझ्या तोंडाकडे बघितलं. विळी खाली ठेवली. खिळ्यावरचा गॉगल काढला, पदराने पुसला आणि आपल्या हाताने माझ्या डोळ्यांवर चढवला.

मग हमीदभाईंकडे वळून म्हणाल्या, "लाव रे तो प्लग. ती पीडा गप्प झाली की मला बांगडे चिरवत नाहीत."