अ‍ॅसिडिटीची गोळी आणि गुरुजींचं उघडं अंग

"गुरुजी, सदरा काढा."

गुरुजी काढेनात. शेवटी त्यांना ओढून घेऊन आलेल्या पत्नीच बोलल्या, "डॉक्टर, चार महिने झाले, यांनी पूजा सांगणं सोडलंय. तिकडे खांदा कॉलनीत नव्या इमारती उठतायत, रोज कुणाची ना कुणाची वास्तुशांत. सगळ्या दुसऱ्या गुरुजींना देऊन टाकतात. विचारलं की अंगावर येतात. घर कशावर चालायचं?"

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. पनवेलात माझा दवाखाना होता. गुरुजी जुने पेशंट. उपास आणि घरोघरचा चहा, त्यामुळे अ‍ॅसिडिटी कायमची. वर्षापूर्वी मीच त्यांना सिमेटिडिन सुरू केलं होतं. पोटातलं अ‍ॅसिड कमी करणारी ही गोळी तेव्हा सर्रास द्यायचो. कोर्स सहा-आठ आठवड्यांचा. पण त्यांना आराम पडला आणि मी म्हणालो, "चालू ठेवा." केमिस्ट त्याच जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देत राहिला.

मध्ये एकदा गुरुजी चाचरत म्हणाले होते, "छाती जरा भरल्यासारखी वाटते. दुखतेही."

मी तपासलं नाही. बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मोदक आवरा गुरुजी!" बाकावरचे दोघं-तिघं खिदळले. त्यानंतर गुरुजी दवाखान्यात फिरकले नाहीत. पूजेला उघड्या अंगानं बसायचं, समोर यजमानांची पोरंबाळं. ते कसे बसणार?

आज सदरा निघाला. दोन्ही बाजूंना स्तनाग्राखाली घट्ट चकती बोटांना लागली. दाबताच ते कळवळले. ही चरबी नव्हती, स्तनांतली ग्रंथी वाढली होती. सिमेटिडिन क्वचित पुरुषी हार्मोनच्या कामात आडवं येतं, मग असं होतं. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, लाज वाटते सांगायला!

"डॉक्टर, मी बाईसारखा होत चाललोय का हो?" गुरुजींनी सदरा पुन्हा छातीशी धरला.

"छे हो! गोळीमुळे झालंय. ती बंद. दुसरी देतो."

'गोळीमुळे' म्हणालो. 'माझ्यामुळे' काही तोंडातून निघालं नाही.

तीनेक महिन्यांत सूज ओसरली, पूजा सुरू झाल्या. गुरुजी भरल्या दवाखान्यात पेढे घेऊन आले. "या देवमाणसानं माझी अब्रू राखली," सगळ्यांना सांगत सुटले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी पेढा खाल्ला, वर "अहो, कर्तव्यच आहे" असंही म्हणालो.

जुनी चिठ्ठी चालू ठेवण्याआधी पेशंटला हात लावून तपासायचं, एवढं तेव्हापासून पाळलं. गुरुजींची माफी मागायची मात्र राहिली, ती राहिलीच.