आइलीच्या घरचं सोळा जणांचं जेवण

आइली कार्वोनेननं शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली. रोज तीनशे चाळीस पोरांचं दुपारचं जेवण, हाताखाली चार बायका, आणि एवढ्या वर्षांत एकदाही घंटा वाजल्यावर जेवण तयार नाही असं झालं नाही. हॅनकॉकपासून वीस मैलांवरच्या त्या फिनिश वस्तीच्या गावात आज पन्नाशीला आलेली माणसंसुद्धा रस्त्यात आइली दिसली की नकळत रांगेत उभं राहिल्यासारखी सरळ होतात.

नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे देवाचे आभार मानायच्या सणाचा, गुरुवार तिच्याच घरी व्हायचा. नवरा आर्वो असताना व्हायचा, तो गेल्यावरही नऊ वर्षं झाला. हरणांच्या शिकारीचे दिवस तेच, त्यामुळे पुरुषमंडळी पहाटे बंदुका घेऊन रानात आणि दुपारी एकला नारिंगी टोप्या काढून टेबलाशी, असा ठरलेला क्रम होता. ग्रीन बेहून मुलगी मार्लिस यायची, मार्केट नावाच्या शहराहून मुलगा वेन यायचा, त्यांची माणसं, आर्वोची थोरली बहीण हेल्मी, शेजारचा उर्हो, आणि ज्यांना त्या दिवशी जायला दुसरं घर नाही असे गावातले एक-दोघे.

मग एप्रिलमध्ये आइलीला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पाय पुन्हा चालू लागला, बोलणंही बरंचसं परत आलं. फक्त लांब शब्दांवर जीभ अडखळायची. उजवा हात मात्र गेला. म्हणजे होता जागेवर, पण त्याला ना पकड, ना गार-गरम कळायचं. वय त्र्याहत्तर.

सप्टेंबर लागताच मार्लिसचा फोन आला. ‘‘आई, यंदा सगळे आमच्याकडे. वेन तुला घ्यायला येईल. तू नुसतं बसायचंस.’’

‘‘मी बसायला जन्माला आले नाही,’’ आइली म्हणाली. ‘‘जेवण इथंच होईल.’’

‘‘बरं, इथंच करू. आम्ही सगळं करून आणतो.’’

‘‘मग ते माझं घर कशाला? चर्चचा हॉल घे भाड्यानं.’’

बोलणं वाढलं. शेवटी आइलीनंच अट घातली. ‘‘ऑक्टोबरातल्या दुसऱ्या रविवारी तू आणि वेन जेवायला या. मी एकटी रांधते. जमलं नाही तर गुपचूप गाडीत बसून ग्रीन बेला येईन.’’

तिनं चंगच बांधला. शेजारचा उर्हो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा विधुर, जन्मभर सुतारकाम केलेला. त्याच्याकडून तिनं एक फळी करून घेतली. फळीला खालून वर आलेले दोन गुळगुळीत खिळे होते. त्यांवर बटाटा खोचायचा आणि डाव्या हातानं सोलायचा. पहिल्या दिवशी एका बटाट्याला बारा मिनिटं लागली आणि उरला तो बोराएवढा.

‘‘हा कुणाला वाढणार?’’ उर्होनं विचारलं.

‘‘तुला. गप खा.’’

खरी परीक्षा निसूची होती. वेलची घातलेला हा गोडसर पाव त्यांच्या घरी तीन पेडांची वेणी घालूनच भाजतात. एका हातानं वेणी कशी घालणार? तिनं तिन्ही पेडांची टोकं लोखंडी तव्याखाली दाबली आणि डाव्या हातानं एकेक पेड उचलून मधल्यावरून टाकायला सुरुवात केली. दर शनिवारी एक पाव. पहिले पाच तर वेणी नव्हे, नुसता गुंता होता. ते उर्होनं कॉफीत बुडवून संपवले. सहाव्या वेळेला मात्र तो म्हणाला, ‘‘आता हा पाव दिसतोय.’’ आइलीला तेवढं पुरलं.

ऑक्टोबरातला तो रविवार उजाडला. कोंबडी भाजून झाली होती, बटाटे कुसकरले होते, सगळं कसं वेळेवर. मार्लिस आणि वेन टेबलाशी बसले होते. आइलीनं डाव्या हातानं ओव्हनमधून ट्रे ओढला. तो जड निघाला, एका बाजूला कलंडायला लागला, म्हणून तिनं खालून उजवा हात लावला. ट्रे टेबलावर आला. ती हसत वळली आणि मार्लिस किंचाळली.

‘‘आई, तुझा हात!’’

मनगटापासून कोपरापर्यंत जाळीचा तापलेला गज चिकटून कातडी सोलवटली होती. आइलीला पत्ताच नव्हता. काही दुखलंच नव्हतं.

वेननं तिला हात धरून नळाखाली नेलं. जेवण कुणी धड जेवलं नाही. निघताना मार्लिस दारात एवढंच म्हणाली, ‘‘आई, तूच अट घातली होतीस.’’

तीन दिवस ती फोडाकडे बघत बसली. राग मार्लिसचा नव्हता, हाताचाही नव्हता. आपण एवढा मूर्खपणा केलाच कसा, याचा होता. चौथ्या दिवशी सकाळी दात घासता घासता तिला शाळेचं स्वयंपाकघर आठवलं. तिथं मोठं पातेलं एकटीनं उचलायचं नाही हा नियम तिनंच घातला होता. नवी बाई लागली की पहिल्या दिवशी ती हेच बजावायची: दोघींनी, दोन बाजूंनी, आणि तोंडानं सांगून. एकतीस वर्षं ती स्वतः भट्टीजवळसुद्धा फारशी गेली नव्हती. ती चव बघायची, घड्याळ बघायची आणि हुकूम सोडायची. तीनशे चाळीस पोरं तशीच जेवली होती.

तोंडातला फेस थुंकून ती सरळ फोनपाशी गेली.

आधी उर्हो. ‘‘उर्हो, त्या गुरुवारी ओव्हन तुझा. मी सांगेन तेव्हा उघडायचा, सांगेन तेव्हा बंद.’’

‘‘मला फक्त अंडी उकडता येतात.’’

‘‘तुला रांधायला कोण सांगतंय? दार उघडता येतं ना?’’

मग हेल्मी. ब्याऐंशी वर्षांची, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. ‘‘कांदे आणि पाव चिरायला ये,’’ आइली म्हणाली. ‘‘खुर्ची देते.’’

‘‘अगं, चाळीस वर्षं तुझ्या स्वयंपाकघरात मला पाऊल टाकू दिलं नाहीस,’’ हेल्मी म्हणाली. ‘‘नणंदेची आठवण यायला डोक्यातली नस तुटावी लागली होय?’’

‘‘येतेस की नाही?’’

‘‘येते. सुरी माझी मी आणते. तुझ्या सुऱ्यांना धार नसते.’’

सणाला अख्खी भाजतात ती वीस पौंडांची टर्की तिनं रद्द केली. दोन लहान टर्क्या आणवल्या आणि गावात हरणं सोलून-कापून देणारा जो माणूस होता, त्याच्याकडून त्यांचे तुकडे करून घेतले. एका माणसाला सहज उचलता येतील एवढे चार पसरट ट्रे झाले. मग तिनं मार्लिसला फोन लावला आणि सगळा बेत एका दमात सांगितला. ‘‘ओव्हनला मी बोटसुद्धा लावणार नाही. शब्द देते.’’

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग मार्लिस म्हणाली, ‘‘मी बुधवारी नाही, मंगळवारीच येते.’’

स्वयंपाक ताब्यात घ्यायला येतेय, हे आइलीनं ओळखलं. ‘‘ये. पण केसांना जाळी बांधावी लागेल. माझ्या स्वयंपाकघरात मोकळे केस चालत नाहीत.’’

मंगळवारी मार्लिस आली ती चार खोके सामान घेऊन. त्यात दोन तयार ‘पाय’ होते, पिठाच्या पारीत गोड सारण भरून भाजलेले. आइलीनं ते बघितले, ओठ आवळले आणि कपाटात ठेवायला सांगितले. ‘पाय’चं पीठ एका हातानं लाटून तिनं चारदा पाहिलं होतं. ते जमलं नव्हतं, आणि जमलं नाही हे तिला ठाऊक होतं.

बुधवारी सकाळपासून बर्फ पडत होता. वेन आणि त्याची माणसं हळूहळू गाडी हाकत वाटेत होती. आइली खिळ्यांच्या फळीशी उभी राहून बटाटे सोलत होती. आता एकाला दोन मिनिटं लागत होती, तरी समोर पंधरा पौंडांचा ढीग होता. मार्लिसनं थोडा वेळ पाहिलं, मग न बोलता दुसरी सुरी घेतली आणि भराभर सोलायला लागली. आइलीचा एक होईतो तिचे पाच.

‘‘ठेव ते,’’ आइली म्हणाली.

‘‘आई, अशानं तुला तीन तास लागतील!’’

‘‘माझ्याकडे तीन तास आहेत.’’

‘‘पण कशासाठी? कुणाला दाखवायचंय तुला? एक वर्ष कुणी दुसऱ्यानं बटाटे सोलले तर काय आकाश कोसळेल?’’

‘‘तुला माझी लाज वाटते,’’ आइली म्हणाली. इतके महिने मनात होतं ते तोंडातून निघून गेलं. ‘‘हा लोंबता हात लोकांसमोर नको, म्हणून तुला मी कोपऱ्यात बसायला हवी.’’

मार्लिसनं सुरी खाली ठेवली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

‘‘लाज? आई, एप्रिलमध्ये फोनवर मी होते. तुला आठवत नाही. तू मला कांद्याच्या रोपांबद्दल सांगत होतीस आणि मध्येच तुझे शब्द चिखलासारखे व्हायला लागले. मला वाटलं, चेष्टा करतेयस. मी हसले, आई! मग फोन जमिनीवर आपटला, आणि मला तुझा श्वास ऐकू येत होता. मी दोनशे मैलांवर होते. उर्होला फोन लावला. अकरा वेळा वाजला. मी मोजत होते.’’ तिनं जाळी बांधलेल्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. ‘‘त्या दिवसापासून तू फोनवर एखाद्या शब्दाला अडखळलीस तरी मी गाडीची किल्ली शोधायला लागते. लाज कसली? भीती वाटते मला.’’

कोपऱ्यातल्या खुर्चीत हेल्मी कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली.

आइलीनं बटाटा खिळ्यावर तसाच सोडला. फोनवर कोण होतं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. उर्होनं धावत येऊन वाचवलं एवढंच तिला माहीत होतं. उर्होला कुणी उठवलं, हा प्रश्न सात महिन्यांत तिच्या डोक्यात आला नव्हता.

तिनं ओला डावा हात मार्लिसच्या गालावर ठेवला. ‘‘हसलीस तर हसलीस. मीही हसले असते.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘ते गळ्यात घालायचं बटण, दाबलं की मदत बोलावतं ते. तू जूनमध्ये पाठवलंस ना?’’

‘‘जे तू खोक्यातून काढलंही नाहीस.’’

‘‘झोपायच्या खोलीत आहे, खालच्या खणात. घेऊन ये, घाल माझ्या गळ्यात. पण जेवण माझं. बटण तुझं, जेवण माझं. कबूल?’’

मार्लिसनं नाक पुसलं. ‘‘आणि बटाटे?’’

‘‘अर्धे अर्धे. तू दोन हातांनी सोल, पण साल पातळ निघू दे. फार जाड काढतेयस.’’

‘‘आता कुठे ही ताळ्यावर आली,’’ हेल्मी कांद्याकडे बघत म्हणाली. कोण ताळ्यावर आली, ते तिनं सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी आइली ओट्याच्या मधोमध स्टुलावर बसली, डोक्याला जाळी, गळ्यात बटण. ‘‘उर्हो, वरचा ट्रे खाली. दोन्ही हातांनी! तोंडानं सांग आधी.’’

‘‘कुणाला सांगू? मी एकटाच आहे.’’

‘‘तरी सांग.’’

‘‘गरम ट्रे येतोय,’’ उर्हो रिकाम्या भिंतीला म्हणाला.

पिवळ्या सलगमांचा लगदा मार्लिसनं केला, त्यात आइलीनं तीनदा मीठ घालायला लावलं. ग्रेव्ही ढवळायचं काम उर्होकडे होतं आणि आइलीची पाठ वळताच तिच्यात गाठी झाल्या. त्या गाळायला वेळ उरला नव्हता. एकला पाच कमी असताना पुरुष रानातून आले, बूट झटकले, टोप्या काढल्या. एक वाजता सोळा माणसं बसली होती आणि जेवण टेबलावर होतं.

वेन मोठी सुरी हातात घेऊन उभा राहिला. आर्वोच्या माघारी टर्की कापण्याचा मान त्याचा होता. समोर तुकड्यांची परात बघून त्याला काय करावं सुचेना. ‘‘आई, मी कापू काय?’’

‘‘काय अपघातात सापडली होती का ही टर्की?’’ हेल्मीनं विचारलं, आणि सगळं टेबल हसायला लागलं. वेनही हसला, पण सुरी खाली ठेवताना त्याचं तोंड जरा उतरलंच. आइलीनं ते पाहिलं.

‘‘निसू काप,’’ ती म्हणाली. ‘‘जाड काप. तो मी केलाय.’’

हेल्मीनं फिनिश भाषेत प्रार्थना म्हटली. मग रिवाजाप्रमाणे एकेकानं आपण कशासाठी कृतज्ञ आहोत ते सांगायचं होतं. कुणी नोकरीबद्दल बोललं, कुणी नातवाबद्दल. मार्लिस म्हणाली, ‘‘उर्होला बाराव्या घंटेला जाग आली याबद्दल,’’ आणि उर्हो ताटात बघायला लागला. आइलीची पाळी आली तेव्हा तिनं ‘कृतज्ञता’ हा लांब शब्द उच्चारायचा प्रयत्न केला. जीभ अडली. तिनं तो सोडला आणि म्हणाली, ‘‘बटाटे गार होतायत. जेवा.’’

ती स्वतः डाव्या हातात चमचा धरून सगळ्यांच्या देखत जेवली. मांस मार्लिसनं बारीक करून दिलं, तेही तिनं चालवून घेतलं. ग्रेव्हीतल्या गाठी वेननं काट्यानं टिपून ताटाच्या कडेला ओळीनं लावल्या. त्याबद्दल त्याला दोन शब्द ऐकावे लागले.

शुक्रवारी आइलीचा डावा खांदा असा धरला की कॉफीचा कप उचलेना. दोन दिवस ती बहुतेक झोपूनच होती, आणि व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं पुढच्या आठवड्यात तिची चांगलीच हजेरी घेतली. आइलीनं ऐकून घेतलं आणि एका शब्दानंही पस्तावा दाखवला नाही.

हात पुढे सुधारला नाही. ईस्टरच्या सुमाराला डॉक्टरांनीच स्पष्ट सांगितलं. हेल्मीनं त्यानंतर आणखी दोन थँक्सगिव्हिंगना कांदे चिरले आणि मग ती देवाघरी गेली. आता तिची प्रार्थना उर्हो कागदावरून वाचतो, निम्मे उच्चार चुकवतो आणि आइली त्याला मध्येच थांबवून दुरुस्त करते. मार्लिस मंगळवारीच येते आणि सांगावं न लागता केसांना जाळी बांधते. यंदा अठरा जण आहेत. घरात घडीच्या खुर्च्या कमी पडतात, चार घेऊन ये, असं आइलीनं वेनला ऑक्टोबरातच कळवून ठेवलंय.