तळहातावर लुकलुकणारा पेनड्राइव्ह

सन २००८. तवा मी सदुसष्ट वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत, पण आजवर कुणाचं ऐकून चाललो न्हाई. भूतबित मी मानत न्हाई – मसनवट्याला लागून माझं वावर आहे, तिथं राखणीला एकटा झोपलेलो आहे. जे झालं ते बराबर तसंच सांगतो. टाईप सूनबाईनं केलं, शब्द माझे.

गाव कुरुंदा. बायको वारायच्या आदल्या साली सुनेनं, म्हणजे सुनीतानं, सासूच्या आवाजातली लग्नाची अकरा गाणी मोबाईलवर भरून घेतली होती. पुढं मोबाईल पाण्यात पडला... गाणी राहिली एका पेनड्राइव्हवर, तेवढीच. रोज दुपारी जेवल्यावर सुनीता ती कॉम्प्युटरवर लावायची. संपली की मी पेनड्राइव्ह उपटून खिशात टाकायचो.

"मामा, काढू का म्हणून त्याला आधी इचारावं लागते. एखांद्या दिवशी सगळं पुसून जाईल."

"उभ्या जन्मात तुझ्या सासूला कदी इचारलं न्हाई, ह्या डब्याला इचारू?"

"म्हणून तर आत्याबाई चिडायच्या तुमच्यावर."

त्या दिवशी तिनंच आधी पेनड्राइव्ह काढायचं बटण दाबलं. पडद्यावर आलं – वापर चालू आहे, आता काढता येणार नाही. तिनं सगळं बंद केलं. तरी तेच. तीन डाव.

"कोण वापरून राहिलं? खोलीत आपण दोघंच."

मी ओढून काढला.

त्याचा हिरवा दिवा माझ्या तळहातावर लुकलुकतच राहिला. वायर न्हाई, करंट न्हाई. सुनीतानंही पाहिलं. परत लावला, तर कॉम्प्युटर इचारते – हे वाचता येईना, कोरं करून देऊ का. सुनीता रडायला लागली.

म्हणलं, "न्हाई म्हण त्याला."

पुन्हा काढून हातात धरला. दिवा चालूच. मी खाटेवर बसून राहिलो, मूठ मिटली न्हाई. तासभर गेला असेल. मग तो आपला आपण विझला. लावून पाहिला – अकराच्या अकरा गाणी जागेवर.

पुढं हिंगोलीच्या एका दुरुस्तीवाल्याला सांगितलं. तो म्हणे, "चाचा, बिना करंट के लाइट कैसे जलेगी?" एवढं मलाबी कळते. पण तो जळत होता, आणि मी मनानं काही जोडत न्हाई.

सेनगावला दिलेली माझी लेक आईची गाणी सालभरापासून मागून राहिली होती. माझी वस्तू म्हणून मी देत नव्हतो. दिवा विझला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं निघालो, आणि दारातच पेनड्राइव्ह तिच्या हातावर ठेवला.