मिलानचे चाळीस फोटो

कावासाकी शहरातल्या आमच्या बिल्डिंगमधले शेजारचे जपानी आजोबा कचऱ्यात टाकायच्या बाटल्यासुद्धा लेबलं सोलून रांगेत उभ्या करतात. मिलानच्या त्या अवाढव्य, जुन्या चर्चचे त्यांनी चाळीस फोटो काढलेत आणि एकातही माणूस नाही. "माणसं बाजूला होईपर्यंत थांबायचं," असं ते मला लिफ्टसमोर शिकवायचे. आमच्या फोटोंत माझं पोट पुढे आणि ताजमहाल मागे!

हल्ली त्यांच्या बायकोला, म्हणजे आजींना, काही आठवत नाही. "इटली? मी कधी गेले?" त्या विचारतात. आजोबा चाळीसच्या चाळीस फोटो दाखवतात. आजी अगदी नम्रपणे म्हणतात, "छान काढलेत हो. एकटेच गेला होता का?"

मी पडलो आयटीवाला. बिल्डिंगच्या जत्रेतल्या एका फोटोतून आजींना कापलं, आजोबांच्याच एका फोटोत चर्चसमोर उभं केलं, प्रिंट काढली आणि बक्षीस घ्यायला आल्यासारखी त्यांची बेल वाजवली.

आजोबांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"इथेच उभी राहिली होती ती. हसतसुद्धा होती," ते म्हणाले. "मीच म्हणालो, जरा बाजूला हो."

मग वाकून माझे आभार मानले आणि फोटो दोन्ही हातांनी मला परत दिला.