दोन हॉटेलांत वाटलेला मामा

आमच्या मामाला स्वतःचं घर नव्हतं, पण दात घासायचे ब्रश दोन होते. एक आमच्या बाथरूममध्ये, एक मावशीच्या. आजी गेल्यापासून तो महिनाभर आमच्याकडे आणि महिनाभर मावशीकडे राहायचा. लग्न केलेलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून फ्रेममध्ये काचा बसवायचा, आणि संध्याकाळी ज्या बहिणीकडे मुक्काम असेल तिच्या घरचे मिक्सर, कड्या, मोडकी खेळणी दुरुस्त करायचा. आई आणि मावशी दोघी त्याच्याहून मोठ्या. त्याच्यावर जास्त हक्क कुणाचा, यावरून दोघींचं कायम वाजायचं.

मामाने स्वतःला एक नियम घालून घेतला होता. महत्त्वाची बातमी दोघींना एकाच वेळी, समोरासमोर सांगायची. एकदा नोकरी बदलल्याचं त्याने मावशीला आधी सांगितलं, तर आईने अख्खा उन्हाळा त्याच्याशी अबोला धरला. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता.

त्यामुळे पन्नाशीत जेव्हा त्याचं समोरच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्या बाईंशी जमलं, तेव्हा पंचाईत झाली. बाई सरळ बोलणाऱ्या. “या सुट्टीत बहिणींना सांगून या. नाही जमलं, तर माझ्याकडे पुन्हा विषय काढू नका,” असं त्यांनी बजावलं होतं. हे सगळं मामाने मला प्रवासात सांगितलं. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि भाचीला सांगणं नियमात मोडत नव्हतं. “थीम पार्कला सगळे एकत्र असणार,” तो म्हणाला, “तिथेच सांगून टाकतो.”

कसले एकत्र! आईला तळ्याकाठचं शांत हॉटेल हवं होतं, मावशीला पार्कच्या गेटला लागून असलेलं. दोघींपैकी कुणी माघार घेईना. शेवटी आम्ही एका हॉटेलात, मावशीचं बिऱ्हाड दुसऱ्यात, आणि मामा निम्मी सुट्टी इथे, निम्मी तिथे. बहिणींना ही वाटणी इतकी रीतसर वाटली, की मामाला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

पहिले दिवस आमचे होते. आमच्या मनगटांवर निळे पट्टे, मावशीकडच्यांच्या पिवळे. निळ्याला पिवळ्यांच्या नाश्त्याला प्रवेश नाही, पिवळ्याला निळ्यांच्या तळ्यावर नाही. मामाने दोघींना मोठ्या कारंज्यापाशी बोलावलं. आई आली. मावशी पाळण्याच्या रांगेत अडकली. मामाची भंबेरी उडाली. तो त त प प करत घाम पुसू लागला, तशी आई म्हणाली, “तुला बरं वाटत नाहीये. बस इथे, मी डॉक्टर बघते.” ती गेली आणि दुसऱ्या बाजूने मावशी आली.

“काय रे, चेहरा का उतरलाय? ताई काही बोलली का?”

“नाही गं. ताई येऊ दे, मग सांगतो.”

“म्हणजे बोललीच!” मावशी फणकाऱ्याने निघून गेली. आई डॉक्टर घेऊन आली तेव्हा मामा एकटाच कारंज्याकडे बघत बसला होता. डॉक्टरने नाडी बघितली आणि पाणी प्या म्हणून सांगितलं.

त्यानंतर कुणाला काही कळेनासं झालं. आईच्या मते मामाला गेटजवळचा गोंगाट बाधला होता. मावशीच्या मते तळ्याकाठची हवा. मी मामाला म्हटलं, “एकीला सांगून टाक ना.” “आणि पुन्हा अख्खा उन्हाळा अबोला?” तो म्हणाला. खरं तर मला त्याचा रागच आला होता. इतका मोठा माणूस, आणि दोन बायकांना एका जागी उभं करता येईना!

मग हॉटेल बदलायचा दिवस आला. आमच्याकडची खोली सकाळीच सोडावी लागली, कारण आम्हाला मामावाचून लहान खोली पुरणार होती. तिकडची खोली दुपारनंतर मिळणार होती. मामाची बॅग हॉटेलवाल्यांनी परस्पर पाठवली, कुठे ते कुणालाच धड सांगता येईना. निळा पट्टा कापून घेतला होता, पिवळा अजून बांधायचा होता. मामा दोन हॉटेलांमध्ये फिरणाऱ्या बसमध्ये जाऊन बसला आणि उतरेचना. मी सोबत होते. बस जायची, यायची, मामा खिडकीतून बघत राहायचा.

आमच्या थांब्यावर आई चढली. “अरे, तू अजून इथेच?” पुढच्या थांब्यावर मावशी चढली, बॅगेची चौकशी करून वैतागलेली. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि एकदमच तोंड उघडलं.

मामा उठून उभा राहिला. दांडा घट्ट धरला आणि म्हणाला, “मी लग्न करतोय.”

ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. मावशी समोरच्या बाकावर बसली, आई उभीच राहिली. कोण, कुठली, कधीपासून, हे सगळं विचारून झालं, आणि मग मावशी म्हणाली, “मग ती आधी कुणाकडे राहणार?”

“माझ्याकडे,” आई म्हणाली. “थोरली मी आहे.”

“हा महिना माझा आहे, ताई!”

“कुणाकडेच नाही,” मामा म्हणाला. “आम्ही जागा बघितलीये. दुकानाच्या मागेच.”

बस थांबली होती. कुणी उतरलं नाही.

“आणि आम्ही?” आईचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“तुम्ही या ना. दोघी मिळून या.”

आईने मावशीकडे पाहिलं, मावशीने आईकडे. आता हिच्याशी काय बोलायचं, असा प्रश्न दोघींच्याही चेहऱ्यावर होता. इतकी वर्षं त्यांच्यात बोलायला फक्त मामा होता. मला दोघींची फार कीव आली. मग मावशी जराशी सरकली, आणि आई तिच्या शेजारी बसली.